राजाच्या लाल टाचा: 'मर्दानी पोशाख' नक्की ठरवतं कोण?

जरीकाठ: ह्यासिंथ रिगोने १७०१ साली काढलेलं फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं चित्र आज परत निरखून पाहिलं. राजा साठी उलटलेला. डोक्यावर कुरळ्या केसांच्या टोपाचा डोंगर, अंगावरचा झगा मुद्दाम मागे सारलेला. कशाला? तर पांढऱ्या तंग मोज्यांतले पाय दिसावेत म्हणून! बुटांना लाल टाचा. तरुणपणी दरबारी बॅलेत नाचलेला गडी, पायांचा तोरा लपत नाही. आज असं कुणी नटलं तर लोक 'बायकी' म्हणून हसतील. 'मर्दानी कपडे' ही निसर्गाची देणगी नाही, काळाची लहर आहे, एवढंच माझं म्हणणं.

खडूस: साफ असहमत. लाल टाच म्हणजे दरबारात ऊठबस असल्याची खूण. त्यात दर्जा होता, पुरुषपणा नव्हे. नांगर धरणारा तेव्हाही टाचा घालून शेतात उतरत नव्हता. मूठभर उमरावांवरून अख्ख्या पुरुषजातीला कशाला धरता?

जरीकाठ: टाच आली कुठून ते बघा. इराणी घोडेस्वारांकडून. रिकिबीत पाय पक्का बसावा, उभं राहून बाण सोडता यावा म्हणून. अस्सल लढवय्याची वस्तू.

खडूस: घोड्यावर ठीक आहे हो. गालिच्यावर कुठली रिकीब?

कांजी: मध्ये तोंड घालतो. लुईचं सोडा, खरी गंमत पुढे आहे. ब्रिटनमध्ये १७९५ साली केसांना लावायच्या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी (तेव्हाचं ब्रिटिश सोन्याचं नाणं) कर बसला आणि आधीच उतरणीला लागलेली ती फॅशन आणखी घसरली. फ्रान्समध्ये तर क्रांतिकारकांनी उमरावांची गुडघ्यापर्यंतची तंग विजार टाकून कामकऱ्यांची लांब पँट मिरवली. म्हणजे खडूसरावांचा तो नांगरवालाच जिंकला म्हणायचा! १९३० साली फ्लूगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या सगळ्याला 'पुरुषांचा महासंन्यास' म्हटलं: पुरुषांनी नटणं सोडलं आणि नुसतं उपयोगी दिसणं पत्करलं.

मला मात्र हा संन्यास पटत नाही. त्या काळचा लंडनचा फॅशनगुरू ब्रमेल घ्या. गडद कोट, पांढरा गळपट्टा, बस्स. पण त्या गळपट्ट्याला खळ किती, घडी कशी, यावर सकाळ खर्ची पडायची. कष्ट न दिसण्यासाठीच सगळे कष्ट. नटणं गेलं नाही, लपलं. (जुगाराच्या कर्जापायी हा साधेपणाचा महामेरू १८१६ साली फ्रान्सला पळाला, ते वेगळंच.)

खडूस: हे पटलं. पण यात माझाच मुद्दा सिद्ध होतो. सगळा खेळ पैसा आणि वर्गाचा.

जरीकाठ: मग १८८४ सालचा एक फोटो बघा. अडीच वर्षांचा फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तो. पांढरा झगा, लांब केस, मांडीवर पिसांची हॅट. त्या काळी लहान मुलगे सर्रास असे असत. यात कुठला दर्जा शोधाल?

खडूस: दर्जा नाही, सोय. लंगोट बदलायला झगा बरा. पण मर्दानगीही त्यात घुसडू नका.

जरीकाठ: नाही घुसडत. सोय तर आजही तीच आहे ना? मग अडीच वर्षांच्या मुलाला झगा घालायला आजचे आईबाप का कचरतात, तेवढं सांगा.