पावसाळ्यात क्लिपलेस पेडल लवकर झिजतात. सर्व्हिसिंग नेमकं कसं करावं?

पायवाट_पुणे

एमटीबीला, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकलला, दोन्ही बाजूंनी अडकणारी एसपीडी पद्धतीची पेडलं आहेत: बुटाच्या तळाला क्लीट नावाची धातूची पट्टी असते, ती पेडलच्या चापात अडकते. आत कप-कोन बेअरिंग, म्हणजे वाटी आणि शंकू यांच्यामध्ये फिरणारे सुटे छर्रे. पावसाळाभर सिंहगडाच्या पायथ्याच्या पायवाटांवर चालवली. आता उजवं पेडल धरून वर-खाली हलवलं की डुगडुगतं आणि डावं फिरवताना वाळू चावल्यासारखं लागतं. प्रत्येक राइडनंतर सायकल प्रेशर पंपाने धुतली जाते. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पेडल उघडून ग्रीस कसं बदलायचं आणि किती दिवसांनी? चापाला म्हणजे स्प्रिंगला तेल द्यावं की ग्रीस? क्लीट बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

छर्रा_कोन

आधी प्रेशर पंप बंद करा. पेडलचं बाहेरचं टोक बंद असतं, पाणी शिरायला एकच वाट: क्रँकच्या (पेडल ज्या दांड्याला बसतं त्याच्या) बाजूचं रबरी सील. ते चिखल अडवण्यापुरतं आहे, दाबाच्या पाण्याचा फवारा जवळून मारला की सीलची कडा उलटते आणि माती मिसळलेलं पाणी थेट आत जातं. बादलीतलं पाणी, जुना टूथब्रश आणि चिंधी एवढ्यावर पेडल नीट स्वच्छ होतं.

डुगडुग असताना चालवत राहणं हे दुसरं कारण, आणि माझ्या मते यानेच जास्त पेडलं वाया जातात. कोन सैल असला की सगळा भार दोन-तीन छर्र्यांवर येतो, कोनच्या कडक पृष्ठभागाचे टवके उडतात आणि तोच भुगा बाकीचं बेअरिंग खातो. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला की त्याच आठवड्यात उघडा.

पेडल काढायला मॉडेलप्रमाणे १५ चा पाना किंवा ८ ची ॲलन की. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं: पाना वरच्या दिशेला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंना पेडल सुटतं.

आता ॲक्सल, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं तो दांडा, बाहेर काढायचा. शिमानो कंपनीच्या एम५२० सारख्या पेडलात सीलशेजारी दातेरी प्लॅस्टिकचा लॉक बोल्ट असतो. त्याला टीएल-पीडी४० हे टूल लागतं. वरच्या श्रेणीतल्या काही मॉडेलांना १७ चा साधा पाना चालतो. या बोल्टचे आटे पेडलच्या आट्यांच्या नेमके उलट: उजव्या पेडलवर घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो, डाव्यावर विरुद्ध दिशेने. आवळण्याची दिशा दाखवणारा बाण त्यावर कोरलेला असतो, तो पुसून आधी वाचा. पक्कड लावून जोर केला तर दात सोलवटतात आणि मग बोल्ट सुटता सुटत नाही.

ॲक्सल हातात आला की दोन बोटांनी फिरवून बघा. खरखर नसेल, फक्त ग्रीस काळं पडलं असेल, तर छर्रे सोडवायची गरज नाही. पेडलची पोकळी चिंधीने कोरडी करा, तळाशी साधारण एक तृतीयांश भरेल एवढं ताजं ग्रीस घाला आणि ॲक्सल हळूहळू आवळत आत न्या. तळ बंद असल्याने ग्रीस छर्र्यांमधून सीलकडे ढकललं जातं आणि जुनं काळं ग्रीस बाहेर पडतं. ते पुसा, पुन्हा उघडा, पुन्हा भरा. बाहेर येणारं ग्रीस स्वच्छ दिसेपर्यंत करायचं, बहुतेकदा दोन-तीन वेळांत होतं. पोकळी काठोकाठ भरू नका, दाबाने सीलच जागचं सरकतं. शेवटी लॉक बोल्ट १० ते १२ न्यूटन-मीटर जोराने आवळा.

खरखर असेल तर मात्र पूर्ण खोलावं लागेल. टोकाला ७ चा लॉकनट, त्यामागे १० चा कोन, मग पोलादी नळीच्या दोन्ही तोंडांशी छर्र्यांची एकेक रांग. छर्रे ३/३२ इंचाचे, एका रांगेत १२. खाली चुंबक ठेवलेली ताटली हवीच, हे छर्रे फरशीवर पडले की सापडत नाहीत. सगळं रॉकेलमध्ये धुवा, पूर्ण सुकवा, कोनवर नख फिरवा. नख अडकलं तर कोन गेला. जोडताना ग्रीसमध्ये छर्रे चिकटवत बसवा. लॉकनट आवळताना कोन किंचित पुढे सरकतो, म्हणून आधी जरा सैल ठेवा. लॉकनट ५ ते ७ न्यूटन-मीटर. बोटाला हलका, एकसारखा अवरोध लागला पाहिजे, ठोका अजिबात नको.

ग्रीस पाण्याला टिकणारं हवं. बोटींसाठीचं मिळालं तर उत्तम, नाहीतर गाडीच्या चाकाच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस चालतं. सीलच्या फटीत डब्ल्यूडी-४० मारू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं.

जूनच्या आधी एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा. मधे ओढा ओलांडताना पेडल पाण्यात बुडालं असेल तर तेवढ्यासाठी वेगळं.

लाल_माती_रत्नागिरी

वरच्या उत्तरात चाप आणि क्लीट राहिले.

चापाला ग्रीस नको. आमच्याकडची जांभ्याची माती ग्रीसला चिकटली की सुकून टणक थर होतो आणि क्लीट अर्धवट अडकतं. पायाखाली ते पुरतं अडकल्यासारखं वाटतं, आणि पेडल वर ओढल्याबरोबर पाय सुटतो. आधी क्लीट पकडणारे पेडलचे दाते आणि चापाची वेटोळी ब्रशने साफ करा, सुकू द्या, मग चापाच्या खिळीवर दोन्ही बाजूंना पातळ तेलाचा एकेक थेंब, पाच-सहा वेळा क्लीट आत-बाहेर करा आणि वर दिसणारं सगळं तेल पुसून टाका.

चापाचा ताण ३ च्या ॲलन कीने बदलतो. दोन पेडलांना मिळून चार स्क्रू आहेत, चारही सारख्याच टिकटिकांवर ठेवा. एक बाजू कडक राहिली तर पाय कधी सुटेल याचा अंदाज चुकतो. क्लीट झिजून सैल झालं म्हणून ताण वाढवत नेऊ नका: झिजलेलं क्लीट जास्त दाबाने घासलं की पेडलचे दाते झिजतात. क्लीटची किंमत पेडलच्या मानाने किरकोळ आहे.

क्लीट कधी बदलायचं? नवं शेजारी ठेवा. पुढच्या टोकाची धार गोल झाली असेल किंवा मागच्या कडेला चकचकीत उतार दिसत असेल तर बदला. अडकलेला पाय वर-खाली हलवताना खेळ वाढलेला जाणवतो, तीही खूण. काढण्यापूर्वी जुन्या क्लीटभोवती मार्करने रेघ ओढा, नाहीतर क्लीटचा तिरपेपणा बदलून गुडघा दुखायला लागतो. शिमानोचं एसएच५१ क्लीट फक्त टाच बाजूला वळवून सुटतं, एसएच५६ अनेक दिशांना. दोन्हींचे बोल्ट एम५, ४ ची ॲलन की, ५ ते ६ न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावाच, पावसाळ्यात ओले बूट तसेच पडून राहतात आणि बोल्ट गंजून धरतात. बोल्टच्या डोक्यात मेणबत्तीचं मेण भरून ठेवलं की माती जात नाही. काढताना टोकदार सुईने उकरा आणि की पूर्ण आत बसली आहे ना बघूनच फिरवा.

छर्रा_कोन

चापाच्या ग्रीसबद्दल पूर्ण सहमत. फक्त तेल साखळीचं घट्ट, ओल्या हवामानासाठीचं घेऊ नका. तेही धूळ धरतं, मुरमाच्या वाटेवर डिसेंबरनंतर तर फारच. कोरड्या हवामानाचं पातळ तेल बरं.

आणि पेडल क्रँकवर बसवताना आट्यांना ग्रीस, ३५ ते ५५ न्यूटन-मीटर. चढावर येणारी करकर पुष्कळदा बेअरिंगची नसतेच, या कोरड्या आट्यांची किंवा क्लीटच्या बोल्टची असते. आधी ते तपासा.

चार_पंख

क्रँकब्रदर्स कंपनीचं एगबीटर किंवा कँडी पेडल वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं आहे. आत क्रँकच्या बाजूला बुश (छर्रे नसलेली नळी) आणि बाहेरच्या टोकाला कार्ट्रिज, म्हणजे एकसंध बंद, बेअरिंग. कोन आवळून खेळ घालवायची सोय नाही. खेळ आला म्हणजे बहुतेकदा बुश झिजला. त्याचा दुरुस्ती-संच मिळतो, त्यात बुश, बेअरिंग आणि सील असतात, सगळं एकदमच बदला. क्लीट पितळेचं असतं. ते त्याला पकडणाऱ्या पेडलच्या पोलादी पंखांपेक्षा मऊ आहे आणि झिजायचं ते त्यानेच झिजावं अशी रचना आहे. त्यामुळे एसपीडीपेक्षा लवकर बदलावं लागतं, खडकावर चालणं जास्त असेल तर आणखी लवकर.

पायवाट_पुणे

दोन्ही उघडली. डाव्यात ग्रीस काळं होतं, कोन गुळगुळीत आहे. उजव्यात एका रांगेत ११ च छर्रे निघाले आणि कोनवर टाचणीच्या टोकाएवढे तीन खड्डे आहेत. नवे छर्रे टाकून चालेल का?

छर्रा_कोन

डाव्याला नवं ग्रीस आणि कोन जुळवणं पुरे. छर्रे बदलायचेच असतील तर दोन्ही रांगांचे मिळून २४ एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. व्यासातल्या बारीक फरकाने मोठ्या छर्र्यांवरच भार येतो.

उजव्यात नवे छर्रे टाकून उपयोग नाही, खड्ड्यांच्या कडा त्यांनाही खातील. ॲक्सलचा जोडलेला संच सुटा मिळतो, तो घ्या. मॉडेल क्रमांक आणि उजवी बाजू दुकानात स्पष्ट सांगा, डाव्याचा संच उजव्यात बसत नाही. बसवण्याआधी बारावा छर्रा शोधा: पेडलच्या पोकळीत तळाच्या जुन्या ग्रीसमध्ये चिकटलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हरला छोटं चुंबक लावून तळ आणि कडा फिरवून घ्या, मग रॉकेलने धुवा. तो आत राहिला तर नवा ॲक्सल आवळताना मधे सापडेल.