पिंजरे सोडा, नांदूरमध्यमेश्वर गाठा
नाशिकमध्ये एकच दिवस हातात आहे, दोघांनाही प्राणी-पक्षी बघायची हौस, तर प्राणिसंग्रहालयासारखं काही सुचवा, असं एका जोडप्याने विचारलंय. माझं मत विचाराल तर सरळ निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर गाठा. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यात गाळ साचत गेला आणि ही पाणथळ जागा तयार झाली. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून तिची नोंद झाली.

आम्ही दोघं डिसेंबरात गेलो होतो. अंधारातच निघालो, तरी चहापायी उशीर झालाच. (चहा मला लागतो, हिला नाही. परतेपर्यंत ऐकून घेतलं.) पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून आधी नुसतं धुकं. ते विरलं तेव्हा अगदी काठाशी एक जांभळी पाणकोंबडी दिसली. लांबलचक लाल बोटांत देठ धरून चोचीने सोलत होती, पोपट पेरू खातो ना, तश्शी! पुढे चक्रवाक, चित्रबलाक बरेच दिसले, पण दुर्बीण काही हिने माझ्या हाती दिली नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, उन्हाळ्यात स्थलांतरित पक्षी परतलेले असतात. चापडगावच्या बाजूने आत जाता येतं. भडक कपडे नकोत, आणि डबा घरूनच न्या.