रात्री 30 पेशंटना एक सिस्टर : दोष कुणाचा?

कोथरूडकर
पेशंटला बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झाला की नातेवाईक सिस्टरवर ओरडतात आणि मॅनेजमेंट तिलाच मेमो देते. जरा हिशोब करा. बीपी, ताप, औषधं, नोंदी मिळून पेशंटमागे 10 मिनिटं धरली, तर 30 पेशंटची एक फेरी पाच तासांची. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, तीही दोघींनी मिळून. कधी बदलणार? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या 168 हॉस्पिटलांच्या 2002 च्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये नर्समागे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली.

पेठेतला
हा फक्त संबंध झाला, कारण नव्हे. जिथे नर्स जास्त, तिथे बाकी सोयीही चांगल्या असतात. शिवाय प्रत्येक पाळीत एक सिस्टर वाढवायची म्हणजे साप्ताहिक सुट्टी, रजा धरून चार पदं. खाजगी नर्सच्या पगारावरच्या 2016 च्या केंद्रीय समितीने सुचवलेल्या किमान 20,000 पगारानेही महिन्याला 80,000. वीस खाटांच्या नर्सिंग होमने ते आणायचे कुठून? त्यापेक्षा इंडेंट (सामान-औषधांची मागणी), कॅशलेसचे कागद, लॅबला फोन ही कामं तिच्याकडून काढा.

रातपाळी
ती कामं काढाच. पण श्वास मोजायला तिथे मावशी चालणार नाही. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी श्वासाचा वेग बदलतो, आणि तो पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो. घाईत नेमकं तेच सुटतं. न मोजताच चार्टवर सगळ्यांपुढे 20, 20, 20. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त पातळ करणारं), पोटॅशियम अशी जोखमीची औषधं दोघींनी तपासून द्यायचं. एकटी असेल तर दुसरी सही सकाळच्या सिस्टरने ओव्हर (पाळीचा ताबा) घेताना होते. ही तपासणी नव्हेच!

आणि कारणाचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने 2016 मध्ये दिवसा चार आणि रात्री सात पेशंटमागे एक नर्स सक्तीची केली. सक्ती नसलेल्या हॉस्पिटलांशी तुलना करूनही मृत्यू घटले, आणि वाढीव पगाराच्या दुपटीहून जास्त खर्च वाचला.

पेठेतला
मृत्यूंचं मान्य. पण तिथे वाचलेला पैसा सरकारचा. इथे खाजगीत बेडसोरमुळे पेशंट आठ दिवस जास्त राहिला तर बिल वाढतं, मालकाचं काय वाचलं? तो आपणहून सिस्टर वाढवणार नाही.

रातपाळी
म्हणूनच महापालिकेने हॉस्पिटलच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पाळीवार ड्युटी लिस्ट मागावी. नुसता एकूण नर्सचा आकडा घेऊ नये. त्यात ओपीडीतल्या आणि रजेवरच्या सिस्टरही मोजलेल्या असतात.