कलंकित नावाचा चषक खेळाडूंनी उचलावा का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी सिडकोत कुमार गटाची कबड्डी स्पर्धा पाहायला गेलो होतो. प्रायोजक शहरातले एक बांधकाम व्यावसायिक होते, ज्यांच्या एका प्रकल्पात पैसे भरलेली कुटुंबे कित्येक वर्षे ताब्यासाठी खेटे घालत आहेत. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ त्यांपैकीच एक, कर्जाचा हप्ता आणि घरभाडे दोन्ही भरणारे. त्यांचा मुलगा चढाईला गेला, तेव्हा त्याच्या पाठीवर त्याच व्यावसायिकाचे नाव होते. गृहस्थांनी मुलासाठी टाळ्या वाजवल्या, पण बक्षीस समारंभाला ते थांबले नाहीत.

खेळाच्या आडून आपले मलिन नाव धुऊन घेणे, ज्याला आज स्पोर्ट्सवॉशिंग म्हणतात, ते याहून वेगळे नाही. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकपुरते रस्त्यांवरचे ज्यूविरोधी फलक उतरवले गेले होते. १९७८ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने फुटबॉलचा विश्वचषक भरवला, तेव्हा अंतिम सामन्याच्या मैदानापासून थोड्याच अंतरावर नौदलाच्या संस्थेत माणसांचा छळ चालू होता. पैसा देणाऱ्याला खेळ नको असतो, खेळाडूंनी घाम गाळून मिळवलेली इभ्रत हवी असते, आणि ती आपण फार स्वस्तात देतो असे मला वाटते.

पंचवटीचा प्रशिक्षक

साहेब, आपली तळमळ पोहोचली, तरीही मला हे पटत नाही. माझ्याकडे सराव करणाऱ्या निम्म्या मुली त्र्यंबक आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवरून आलेल्या आहेत. जिल्ह्याबाहेर सामना असला की बसभाडे, मुक्काम आणि गुडघ्याचे पट्टे इथपासून जुळवाजुळव सुरू होते. ती वर्गणीतून कधीच पुरी झालेली नाही. अशा वेळी पुढे आलेला हात झिडकारायचा, तर त्याची किंमत मी मोजत नाही, त्या मुली मोजतात.

शिवाय आयोजकांचा डाग खेळाडूला लागतो, हे मला मुळातच मान्य नाही. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या आयोजनावर भ्रष्टाचाराचे केवढे आरोप झाले. त्याच स्पर्धेत आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. ते पदक कोणी डागाळलेले म्हणेल काय?

मेरी वाट

सर, पदक डागाळत नाही, हे शंभर टक्के खरे आहे. परंतु प्रश्न पदकाचा नसून त्या पदकाशेजारी उभे राहून कोण छायाचित्र काढून घेतो, याचा आहे. १९७४ मध्ये भारताचा संघ टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता, समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि वर्णद्वेषी राजवटीशी खेळायचे नाही म्हणून आपण तो सामना सोडला. चषक न खेळता त्यांना मिळाला. अमृतराज बंधूंच्या पिढीने काय गमावले, याची कल्पना करून पाहा, म्हणजे नकार हा श्रीमंतांचा चोचला नाही हे लक्षात येईल.

पंचवटीचा प्रशिक्षक

ताई, तो निर्णय देशाचा होता आणि खेळाडू जाणते होते. इथे आपण चौदा वर्षांच्या मुलीकडून त्यागाची अपेक्षा करत आहात. दुसरे असे की, खेळामुळे झाकलेले उघडेही पडते. अर्जेंटिनात बेपत्ता मुलांच्या आया चौकात फेऱ्या घालत होत्या, त्यांची व्यथा परदेशी पत्रकारांनी त्याच विश्वचषकाच्या निमित्ताने जगापुढे नेली. कतारनेही २०२२च्या विश्वचषकाआधी, टीकेच्या रेट्यामुळे का होईना, कामगारांसाठी किमान वेतन लागू केले.

गोदाकाठ

रेट्यामुळे, हाच शब्द महत्त्वाचा आहे, आणि तो रेटा टीकाकारांनी लावला, प्रायोजकांचे आभार मानणाऱ्यांनी नव्हे. कतारमध्ये जगभरचे पत्रकार होते. सिडकोच्या मैदानावर त्या कुटुंबांविषयी विचारणारे कोण होते? व्यासपीठावरून तर त्या व्यावसायिकांचा ‘क्रीडाप्रेमी’ म्हणून गौरव झाला.

तरीही मुलींच्या बसभाड्याचा मुद्दा मी टाळणार नाही, आणि सरसकट नकाराचा माझा आग्रहही मी मागे घेतो. पैसा घ्यावा, पण नाव घेऊ नये. १९९६चा क्रिकेट विश्वचषक सिगारेटच्या नावाने खेळला गेला, तेव्हाही या पैशाविना खेळ चालणार नाही असेच सांगितले जात होते. २००३च्या कायद्याने तंबाखूच्या प्रायोजकत्वाला बंदी घातली आणि क्रिकेट काही उपाशी मेले नाही.

पंचवटीचा प्रशिक्षक

क्रिकेटला दुसरे दहा दाते उभे असतात, कबड्डीला एकच असतो, आणि नावाशिवाय पैसे देणारा मला आजवर भेटलेला नाही. असो. आमच्या पुढच्या स्पर्धेची जर्सी अजून छापायला गेलेली नाही. पाठीवर केवळ खेळाडूचे नाव असावे आणि प्रायोजकाचे नाव मैदानातल्या फलकापुरते राहावे, असे मी मंडळाच्या बैठकीत मांडतो. त्यावर प्रायोजकाने हात आखडता घेतला, तर सोळा मुलींचे जाण्यायेण्याचे भाडे कुठून उभे करायचे, हे आपण दोघांनी मला बैठकीआधी सांगावे.