मदत हवी आहे: ९ वर्षांचा पांढरा काकाकुवा कायमचा घरी आणावा का? (घोडबंदर रोड, ठाणे)

कोलशेतकर:

नमस्कार मंडळी. नेरुळचं एक ओळखीचं कुटुंब परदेशी स्थायिक होतंय. त्यांचा अम्ब्रेला काकाकुवा (नर, ९ वर्षं, वजन ५८० ग्रॅम) त्यांना कुणाला तरी कायमचा द्यायचा आहे आणि विचारणा आमच्याकडे झाली आहे. पैसे नकोत, पिंजरा सोबत देतील. महिनाअखेर उत्तर द्यायचंय.

आमच्याकडची परिस्थिती अशी. कोलशेतला १४व्या मजल्यावर २ बीएचके. मी ४९, हे ५३. माझं काम सध्या घरून. मुलगी बारावीला. सासूबाई ७६ वर्षांच्या, त्यांना दमा आहे, इनहेलर रोजचा. हॉलच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ. बाल्कनीला बॉक्स ग्रिल आहे.

पक्ष्याची परिस्थिती: खाणं म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, पोळी. पिंजरा २ x २ x ३ फूट. छातीवरची पिसं विरळ झाली आहेत, मालक म्हणतात मोल्टिंग (जुनी पिसं गळून नवी येणं) आहे. कागद म्हणून दुकानाचं हाताने लिहिलेलं बिल आहे, बाकी काही नाही.

कायदा, आवाज, दमा, ती छाती आणि आमचं वय, सगळ्याच बाबतीत सल्ला हवा आहे. स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

तुरेवाला:

ताई, बाकी सगळ्यावर काही ना काही तोडगा निघेल. सासूबाईंच्या दम्यावर निघणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात.

काकाकुव्याच्या अंगावर एक खास जातीची पिसं असतात, ती आयुष्यभर झिजून पांढरी पूड सोडतात. पक्षी हीच पूड सगळ्या पिसांना चोळतो. टीव्हीवर, पडद्यांवर, एसीच्या जाळीत ती रोज साचते. अम्ब्रेला, मोलुक्कन, मोठा पिवळ्या तुऱ्याचा हे काकाकुवे आणि आफ्रिकन ग्रे पोपट हे यात सगळ्यात पुढे. या पुडीने दमा उसळतोच, शिवाय पक्षी पाळणाऱ्यांच्या फुप्फुसाला एक वेगळी सूज येते, तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. ही सूज महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जाते. त्यामुळे "आई नेरुळला जाऊन दोन तास बसल्या, काही झालं नाही" याला पुरावा समजू नका.

हेपा फिल्टरचं प्युरिफायर, रोज ओल्या फडक्याने पुसणं, पक्ष्याला रोज पाण्याचा फवारा, या तिन्हींनी पूड कमी होते. संपत नाही. २ बीएचकेत "त्यांची खोली बंद ठेवू" हेही चालत नाही, कारण हवा दाराच्या फटीतून फिरतेच. छातीच्या डॉक्टरांना नुसतं "पक्षी आणू का" असं विचारू नका. जात सांगा, पुडीबद्दल सांगा, आणि मग विचारा.

वाशी_खाडीकाठ:

कागदांबद्दल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्स (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) मधल्या परदेशी जाती आता या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आहेत. अम्ब्रेला काकाकुवा साइट्सच्या परिशिष्ट २ मध्ये येतो. गॉफिन, मोलुक्कन आणि लहान पिवळ्या तुऱ्याचा हे काकाकुवे परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे आणखी कडक. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत पक्षी ज्याच्या ताब्यात आहे त्याने परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर नोंद करायची असते. आधीपासून असलेल्या पक्ष्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती. त्यानंतर ताब्यात आलेल्या पक्ष्यासाठी ३० दिवस.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की नोंद आधी त्यांच्या नावावर असायला हवी, मग हस्तांतर, मग तुमचं नाव. त्यांनी मुदतीत नोंद केली नसेल तर त्यांनीच, पक्षी त्यांच्याकडे असतानाच, वन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढचा मार्ग विचारायचा. विमानात बसल्यावर त्यांना काय फरक पडतो? बिनकागदाचा पक्षी तुमच्या हॉलमध्ये असेल.

पायात रिंग आहे का बघा. सांधा नसलेली बंद रिंग फक्त पिल्लाच्या पायात चढते, म्हणून पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याची ती मोठी खूण. रिंगचा नंबर, पक्ष्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि ते बिल, सगळं एकत्र ठेवा.

पिसंमोजणी:

मला ती छाती खटकते आहे. मोल्टिंगमध्ये पिसं दोन्ही बाजूंनी सारखी गळतात आणि खाली नवीन खुंट दिसतात. टक्कल पडत नाही. एकच बघा: डोक्यावरची पिसं, जिथे त्याची स्वतःची चोच पोचत नाही, ती शाबूत आहेत का? डोकं छान आणि छाती विरळ असेल तर तो स्वतः उपटतोय. डोकं, तुरा, पंख सगळीकडेच पिसं वेडीवाकडी, चिमटल्यासारखी असतील तर पीबीएफडी या चोच-पिसांच्या विषाणूजन्य आजाराचा संशय घ्यायचा. आणखी एक सोपी खूण म्हणजे चोच. निरोगी अम्ब्रेलाची काळी चोच पुडीमुळे राखाडी, मळकट दिसते. चोच चकचकीत काळी दिसली तर पूड बनायची थांबली आहे, आणि ते चांगलं लक्षण नाही. लोक उलट समजतात, "काय तुकतुकीत चोच आहे" म्हणतात.

पीबीएफडीवर औषध नाही. रक्त आणि पीस दोन्हींची पीसीआर चाचणी करून घ्या. त्याच वेळी सिटॅकोसिसचीही करा. तो आजार माणसाला होतो, न्यूमोनियासारखा वाढतो, आणि पक्ष्याला बहुधा ४५ दिवस डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यावं लागतं. घरात ७६ वर्षांचं माणूस असताना ही चाचणी टाळायचा प्रश्नच नाही. चाचण्या पक्षी नेरुळला असतानाच व्हाव्यात.

डॉक्टर निवडताना फोनवरच विचारा: पोपटवर्गाचे पक्षी नियमित बघता का, रक्त काढता का, आयसोफ्लुरेनची भूल आहे का. कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टरही यातल्या तिन्हीला "नाही" म्हणू शकतात. परळचं बैलघोडा हे प्राण्यांचं हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण पक्षी दगावत असताना घोडबंदर रोडवरून परळ गाठणं म्हणजे काय ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. जवळचा डॉक्टर आधी शोधा, मग पक्ष्याचा विचार करा.

तुरेवाला:

आवाज राहिला. रानात हे थव्याने राहतात, उजाडताना आणि मावळताना एकमेकांना हाका मारतात. घरातही दोन्ही वेळा दहा-वीस मिनिटं ओरडणं हे निरोगी पक्ष्याचं लक्षण, ते बंद करता येत नाही. जवळून मोजलं तर शंभर डेसिबलच्या सहज वर. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे, यावरून अंदाज घ्या. जूनमध्ये सहाला उजाडतं. जाड पडदा लावून सात वाजेपर्यंत अंधार ठेवता येतो, आणि त्याला दहा-बारा तास झोप लागतेच. पण सातला तो बोलणार, आणि तुमचं ते भिंतीपलीकडचं बाळ उठणार.

वाढलेलं ओरडणं मात्र माणसंच शिकवतात. तो ओरडला की कुणीतरी "गप रे!" म्हणून धावत येतं, म्हणजे त्याला हवं ते मिळालं. त्याऐवजी एक ठरावीक शीळ ठरवा. त्याने शीळ घातली की लगेच उत्तर द्यायचं, किंचाळला की खोलीत कुणी जायचं नाही.

पिसंमोजणी:

घरून काम आहे ही जमेची बाजू वाटते ना? मला तीच धोक्याची वाटते. दिवसभर खांद्यावर बसायची सवय लागते, मग वर्षाने ऑफिस परत बोलावतं आणि पक्षी छाती रक्तबंबाळ करून घेतो. अम्ब्रेला आणि मोलुक्कन यात कुप्रसिद्ध आहेत. पहिल्या दिवसापासून वेळापत्रक असं ठेवा की ऑफिसला जाणाऱ्या माणसालाही पाळता येईल: सकाळी तास-दीड तास, संध्याकाळी दोन तास बाहेर, मधल्या वेळेत पिंजऱ्यात फोडायला-कुरतडायला भरपूर. खेळणं विकतचंच हवं असं नाही. नारळाची करवंटी, मक्याच्या कणसाची सालं, बिनरंगाचं पाइनचं लाकूड, पेरूची हिरवी फांदी. रोज एक वस्तू भुगा झालीच पाहिजे. सुटलेल्या धाग्यांची दोरी नको, पायाला अडकते आणि पोटात जाते.

तो ९ वर्षांचा नर आहे, म्हणजे पूर्ण वयात आलेला. हात फक्त डोकं आणि मान इथेच लावायचा. पाठीवरून, पंखांखालून कुरवाळलं की तो तुम्हाला जोडीदार समजतो. मग एकाच माणसाला धरून बाकीच्यांना चावतो, सोफ्याखाली किंवा कपाटात घरटं शोधतो. तुरा उभा, अंग फुगलेलं, डोळे रोखलेले दिसले की हात मागे. मुलीच्या तोंडाजवळ कधीच नाही.

कोलशेतकर:

खूप आभार सगळ्यांचे. चोच चकचकीत नाही, राखाडी आहे, डोक्यावरची पिसंही व्यवस्थित. म्हणजे उपटतोय. सासूबाईंच्या डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे. दोन शंका: त्यांच्या पिंजऱ्यावर भागेल का? आणि डॉक्टर नाही म्हणाले तर त्याऐवजी कॉकाटील चालेल का, तो तर छोटा असतो?

तुरेवाला:

कॉकाटील त्याच कुळातला आहे आणि पूड त्याचीही होते. आकार लहान म्हणून प्रमाण कमी, एवढंच. डॉक्टर नाही म्हणाले तर पक्षीच नको.

पिंजरा नाही चालणार. त्यात त्याला दोन्ही पंख नीट पसरता येत नाहीत. अम्ब्रेलासाठी निदान ३ x ४ फूट तळ आणि ५ फूट उंची, गजांमधलं अंतर एक ते सव्वा इंच, गज ४ मिलिमीटर किंवा जाड. स्टेनलेस स्टील उत्तम. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी नको, ते जस्त चोचीतून पोटात जाऊन विषबाधा होते. तुमच्या बॉक्स ग्रिललाही हेच लागू, शिवाय घारी आणि कावळे घिरट्या घालतील ते वेगळंच. दाराला कुलूप लावा, साधी कडी तो बघून बघून शिकतो. दांड्या पेरूच्या, दीड ते दोन इंच जाडीच्या आणि मुद्दाम कमी-जास्त. सगळ्या एकसारख्या गुळगुळीत असल्या की तळव्यांना फोड येतात.

स्वयंपाकघरापासून पिंजरा लांब. नॉनस्टिकचा तवा गॅसवर विसरला आणि जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, दुसऱ्या खोलीत असला तरी. मच्छर कॉइल, कापूर, धूप, अगरबत्ती, रूम फ्रेशनर या गोष्टी त्या घरात बंद. सासूबाईंची रोजची पूजा असेल तर हाही विषय आधीच बोलून घ्या. पक्षी बाहेर असताना सीलिंग फॅन बंद.

वाशी_खाडीकाठ:

खाणं कुणीही पाळो, बदलावं लागेल. बियांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि यकृतात चरबी साठते. ध्येय साधारण असं: ६० ते ७० टक्के पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या), पाव हिस्सा भाज्या, बिया फक्त बक्षीस म्हणून. पण एकदम बदललं तर तो पेलेटला अन्नच समजत नाही आणि उपाशी बसतो. दहा टक्के पेलेटपासून सुरू करून सहा ते आठ आठवड्यांत वाढवत न्या. रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर, काही खायच्या आधी एक ग्रॅमच्या काट्यावर वजन. ५८० चा ५५० वर आला तर पाऊल मागे घ्या. ५२२ म्हणजे दहा टक्के घट, सरळ डॉक्टर.

भाज्यांत शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं. मोड आलेले मूग-मटकी छान, पण आपल्या दमट हवेत दोन तासांनी वाटी उचलायचीच. सालासकट शेंगदाणे बंद, त्यावरच्या बुरशीने फुप्फुसं आणि यकृत दोन्ही जातात. अवोकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण अजिबात नाही.

वयाचं म्हणाल तर हे पक्षी ४०-६० वर्षं सहज जगतात. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा (जात वेगळी, मेजर मिचेल) २०१६ मध्ये ८३ वर्षांचा होऊन गेला. तुम्ही ऐंशीच्या झालात तरी हा असू शकतो. मुलीला आज "सांभाळशील ना?" विचारून अर्थ नाही, बारावीची मुलगी हो म्हणणारच. मृत्युपत्रात पक्ष्यासाठी माणूस आणि पैसे दोन्ही लिहावे लागतील.

कोलशेतकर:

डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. इनहेलरचा डोस आधीच वाढवलेला आहे, त्यात ही भर नको म्हणाले. तेव्हा आम्ही घेत नाही. पण त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. नेरुळच्या मंडळींना काय काय करायला सांगू?

पिसंमोजणी:

त्यांना सांगा, ऑनलाइन जाहिरात टाकू नका. फुकट म्हटलं की नेणारा तो पुढच्या आठवड्यात विकतो. आत्ता करायचं ते: परिवेशची नोंद, दोन्ही चाचण्या, आणि पेलेटची सुरुवात त्यांच्याच घरी, म्हणजे नवीन घर आणि नवीन खाणं असे दोन धक्के एकदम बसत नाहीत. नवा माणूस शोधताना तीन गोष्टी बघा: घरात दमा-ॲलर्जी नाही, भिंतीला भिंत लागून शेजार नाही (खारघर-पनवेलकडची बंगलेवाली किंवा रो-हाउसची मंडळी बघा), आणि आधी मोठा पोपटवर्गीय पक्षी सांभाळलेला. घरात दुसरे पक्षी असतील तर निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत.

द्यायच्या आधी त्या माणसाने आठ-दहा वेळा येऊन त्याला स्वतःच्या हाताने भरवावं. सोबत एक वही द्यायची: झोपायची-उठायची वेळ, रोजचं वजन, कोणते शब्द आणि शिळा ओळखतो, कशाला घाबरतो, रिंगचा नंबर, डॉक्टरांचं नाव. प्रवास कुत्र्याच्या टणक क्रेटमध्ये, आत तळापासून चार इंचावर एक दांडी, वरून पातळ चादर, पाण्याऐवजी काकडीचे तुकडे, सकाळी ऊन चढायच्या आत. जुना पिंजरा लहान असला तरी पहिले काही दिवस नव्या पिंजऱ्याशेजारी उघडा ठेवा, त्याची ओळखीची दांडी तिथेच असते.

वाशी_खाडीकाठ:

आणि हस्तांतराची नोंद झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय क्रेटचं दार लावू नका म्हणावं.