लहान मुलांच्या ईईजीवरून (मेंदूतील विजेच्या नोंदीवरून) फिट्सचा उगम नेमका कसा शोधावा?

प्रश्न (सांगली):
माझ्या चार वर्षांच्या भाचीच्या ईईजीत उजव्या बाजूला दोष दिसतो, एमआरआय मात्र निर्दोष आहे. संगणकाच्या साहाय्याने मेंदूतील उगम शोधण्याची पद्धत एवढ्या लहान वयात कितपत भरवशाची ठरते?

उत्तर (मिरज):
संगणकाला डोक्याचा कोणता नमुना (मॉडेल) दिला आहे, हे प्रथम विचारावे. मुलांची कवटी पातळ असते आणि तिच्यातून वीज प्रौढांच्या कवटीपेक्षा सहज वाहते, त्यामुळे प्रौढाचा नमुना वापरल्यास उगम प्रत्यक्षापेक्षा वेगळ्या जागी दाखवला जाऊ शकतो. शक्यतो भाचीच्याच एमआरआयवरून नमुना तयार करून घ्यावा, ते न जमल्यास निदान त्या वयाचा तरी वापरावा. दोन वर्षांखालील बाळांत मायलिन (मज्जातंतूंवरचे आवरण) अपुरे असल्याने एमआरआयवर मेंदूचा करडा आणि पांढरा भाग वेगळा ओळखणे अवघड जाते. भाची चार वर्षांची असल्याने ती अडचण फारशी नसावी.

उत्तर (सातारा):
वरील मताशी सहमत आहे, पण माझ्या मते इलेक्ट्रोडकडे (डोक्याला चिकटवायच्या तारांच्या चकत्यांकडे) याहून अधिक दुर्लक्ष होते. इलेक्ट्रोड लावण्याच्या नेहमीच्या १०-२० पद्धतीत कानाखालचा भाग जवळपास मोकळाच राहतो, त्यामुळे टेम्पोरल भागाच्या (मेंदूच्या कानाजवळील भागाच्या) तळाशी असलेला उगम निसटू शकतो. तिथे जादा इलेक्ट्रोड लावण्याची विनंती करावी आणि प्रत्येकाची जागा मोजून नोंदवून घ्यावी. मूल रडून डोके हलवू लागले की इलेक्ट्रोडखालची पेस्ट पसरते, शेजारच्या दोन इलेक्ट्रोडची पेस्ट एकमेकींना भिडते आणि दोन्हींचे संदेश एकसारखे होऊन बसतात. आदल्या दिवशी केस धुवावेत, तेल मुळीच लावू नये.