ओरेगॉन ट्रेल मुलांना घरी कशी शिकवावी?

प्लॅटकाठची आई:
थोरला नऊ, धाकटा सात, मुक्काम अमेरिकेतलं ओमाहा. शाळेत ओरेगॉन ट्रेल, म्हणजे एकोणिसाव्या शतकात बैलगाड्या घेऊन पश्चिमेला ओरेगॉनकडे वस्तीला गेलेल्यांची वाट, चालू आहे, पण दोघांच्या डोक्यात नुसत्या बंदुका आणि काउबॉय. पुस्तक उघडलं की जांभया. हाताने करण्यासारखं काही सुचवा. माझा इतिहास पानिपतापाशी संपतो.

गराजमास्तर:
गराजमध्ये टेपने १० फूट बाय ४ फुटांचा चौकोन आखा. गाडी साधारण एवढीच. चौघांचं पाच-सहा महिन्यांचं सामान त्यात बसवायला सांगा. त्या काळी मोठ्या माणसामागे २०० पौंड पीठ घ्या असा सल्ला असायचा. मी वीस पौंडांची आट्याची पिशवी आणून ठेवली नि म्हटलं, "अशा दहा, आणि त्या फक्त बाबाच्या." आमच्या पोराने आधी सायकल चढवली होती, ती मुकाट्याने उतरवली. मग विचारतो, "बसायचं कुठे?" बसायचं नाहीच! मिझुरीतल्या इंडिपेंडन्सहून जवळपास २००० मैल, बहुतेक जण पायी. संध्याकाळी बागेत बैलाच्या चालीने, तासाला दोन मैल, चालायला लावलं. पळण्यापेक्षा तेच त्याला जड गेलं.

लोणीही काढा. बरणीत अर्धी हेवी क्रीम, आणि हलवत बसायचं. ते लोक भांडं गाडीला टांगायचे, दिवसभराच्या हिसक्यांनी लोणी आपसूक यायचं. रवी नको, दोरी नको.

वऱ्हाडची आजी:
मैदानात झाडं नाहीत, मग चूल कशावर? गव्यांच्या वाळलेल्या शेणावर. पोरं ते वेचून आणत. म्हणजे आमच्या रानशेणीच की! नातू आधी "ईऽऽ" म्हणाला. मी लहानपणी टोपलं घेऊन रानशेणी वेचायला जायची हे ऐकल्यावर मात्र दर व्हिडिओ कॉलला तेच विचारतो.

खडूवाला:
पिसांचे टोप तेवढे करू नका बुवा. त्यापेक्षा गाडीशेजारी खडूने प्लॅट नदी काढा आणि काठावर आधीपासून कोण होतं ते मुलांकडूनच लिहून घ्या: पॉनी, ओटो, ओमाहा या तिथल्या मूळ जमाती. तुमच्या गावाचं नाव त्यांचंच. १८५४ च्या करारात त्यांची जमीन गेली आणि त्याच वर्षी शहर वसलं. मग विचारा, तुमचे बैल गवत कुणाचं खातायत?

प्लॅटकाठची आई:
टेप लावली. धाकट्याने पिठाची एक पिशवी काढून बॅट ठेवलीय. थोरला म्हणतो, ह्यालाच वाटेत उतरवू.